उजवा गुडघा, डावा हात

रविवारी सकाळी आमच्या घरात देव आहे की नाही, यावर कधीच वाद होत नाही. तो आहे, हे दोघांना मान्य आहे. चर्चमधल्या सातच्या मिस्सेला हे कुटुंब याही आठवड्यात उशिरा पोचणार हे त्याला ठाऊक आहे, हेही मान्य आहे. वाद होतो तो गुडघ्यावरून.

मी वसईचा. बायको मंगळुरी कॅथलिक, पण जन्मापासून म्हैसूरची. नोकरीनं मला इथं आणलं तेव्हा दोन वर्षांत परत जायचं ठरलं होतं, त्याला आता सोळा वर्षं झाली. आमचं लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडच्या मंडळींनी एकच सुस्कारा टाकला, ‘चला, धर्माचा तरी प्रश्न नाही.’ भाषा वेगळी, माशाचं कालवण वेगळं, तांदूळ उकडा की साधा इथपासून मतभेद. पण धर्म एक. आता मला वाटतं, धर्म वेगळा असता तर निदान कुठं गप्प बसायचं ते तरी कळलं असतं. एकाच धर्मातल्या नवराबायकोला भांडायला सगळं मैदान मोकळं मिळतं.

मुलं होईपर्यंत यातलं काहीच कळलं नव्हतं. ती तिच्या पद्धतीनं गुडघा टेकायची, मी माझ्या पद्धतीनं हात जोडायचो, आणि बाकावर दोघं शेजारी बसायचो. मग थोरला चालायला लागला, चर्चच्या मधल्या वाटेवर थांबून त्यानं एकदा आईकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि तिथंच फतकल मारून बसला. त्या दिवसापासून आमच्या घरात धर्मशिक्षण सुरू झालं.

गुडघा टेकण्याला बायकोच्या माहेरी ‘दिंबी घालणं’ म्हणतात. उजवा गुडघा थेट जमिनीला टेकला पाहिजे, पाठ ताठ, नजर वेदीकडं, मनात ‘एक’ म्हणायचं आणि उठायचं. डावा गुडघा टेकला तर ती गणतीत धरत नाही. पुन्हा करायला लावते. हे तिला तिच्या आईनं शिकवलं, आईला आजीनं.

मी मात्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या वसईत वाढलो. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये ती परिषद झाली आणि आमच्याकडं लॅटिन जाऊन मराठी आली. मराठीच्या मागोमाग समई आली, आरती आली, तबला-पेटी आली. आणि २५ एप्रिल १९६९ रोजी रोमनं भारतातल्या बिशपांना बारा मुद्द्यांची परवानगी दिली. गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून कमरेतून वाकलं तरी चालेल. चपला काढून ठेवल्या तरी चालेल. मेणबत्तीच्या जागी तेलाचा दिवा चालेल, पंचांग प्रणाम चालेल. इतर पुरुषांना २५ जून १९८३ ही तारीख पाठ असते, त्या दिवशी कपिल देवनं विश्वचषक उचलला म्हणून. मला २५ एप्रिल १९६९ पाठ आहे. वैवाहिक जीवनात मला तिचा जास्त उपयोग झाला आहे.

‘परवानगी आहे,’ बायको म्हणते, ‘सक्ती नाही.’

‘मग गुडघ्याची सक्ती का?’

‘कारण तुझे गुडघे चांगले आहेत.’

एकदा वाद फारच रंगला तेव्हा तिनं इतिहास काढला. १७८४ साली टिपूनं मंगळूरकडच्या ख्रिस्ती लोकांना धरून श्रीरंगपट्टणला आणलं, ते १७९९पर्यंत तिथंच कैदेत राहिले. श्रीरंगपट्टण आमच्या घरापासून स्कूटरनं अर्ध्या तासावर आहे, त्यामुळं हा मुद्दा फारच जवळून लागतो. ‘त्या लोकांनी पंधरा वर्षं सोडलं नाही,’ ती म्हणाली, ‘आणि तुला दोन सेकंद गुडघा टेकवत नाही.’ मीही काही कमी नाही. मी १७३९ काढलं. चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि आमच्या चर्चच्या घंटा मराठे घेऊन गेले. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आजही त्यातली एक टांगलेली आहे. म्हणजे आम्हीही काही कमी सोसलेलं नाही.

ती भांडी पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, ‘घंटा नेल्या हे कळलं. गुडघेही नेले का?’

या ऐतिहासिक चर्चेचा मुलांवर झालेला परिणाम असा : थोरला आता बारा वर्षांचा आहे आणि खाली पडलेलं नाणं उचलावं तसा अर्धवट वाकतो, ना गुडघा ना नमस्कार. धाकटी सात वर्षांची. तिला दोघांनाही खूष ठेवायचं असतं, म्हणून ती गुडघा टेकते आणि त्याच वेळी हात जोडून पुढं वाकते. यात तोल जातो. दर रविवारी ती मधल्या वाटेवर एकदा तरी कलंडते, आणि मागून येणाऱ्या मावशींना वाटतं, पोरीला उपाशीपोटी आणलं आहे.

बसायचं कुठं, हा वाद मी लवकरच हरलो. बायकोच्या मते मुलांना अगदी पुढच्या बाकावर बसवावं, म्हणजे त्यांना काय चाललंय ते दिसतं आणि लक्ष लागतं. माझं बालपण शेवटच्या बाकाच्याही मागं गेलं. आमच्या गावात बाप्येमाणसं प्रवचन सुरू झालं की दारापाशी सरकायची, पिकाचं, पावसाचं, सोसायटीच्या निवडणुकीचं बोलून घ्यायची आणि श्रद्धांगीकार सुरू झाला की पुन्हा आत. कुणी याला अश्रद्धा म्हणायचं नाही. प्रवचन बाहेरूनही ऐकू येतंच, असं त्यांचं म्हणणं असायचं. पुढच्या बाकावर बसून मुलांना सगळं दिसतं हे खरं. पण सगळ्या चर्चला आमची मुलंही दिसतात, हे बायकोच्या हिशेबात नव्हतं. थोरल्यानं पाच वर्षांचा असताना पहिल्या बाकावरून, शांततेच्या अगदी ऐन क्षणी, ‘पप्पा, अजून किती?’ असं विचारलं होतं. मराठीत विचारलं, त्यामुळं आजूबाजूच्या कन्नड-तमिळ मंडळींना शब्द कळले नाहीत. अर्थ कळला.

२०२० साली चर्चं बंद झाली आणि मिस्सा टीव्हीवर आली, तेव्हा मला वाटलं आता तरी शांतता. तर सोफ्यावर बसून मिस्सा ऐकायची की खाली चटईवर, हे नवं प्रकरण निघालं. ते चालू असतानाच थोरल्याला समजलं की, मागच्या आठवड्याचं प्रवचन दीडपट वेगानं लावता येतं. खरं सांगायचं तर त्या वेगानं ते जास्त पटलं.

या वर्षी धाकटीचं पहिलं ख्रिस्तशरीर आहे, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर ती पहिल्यांदा घेणार. १९१० साली पोप दहावे पायस यांनी ठरवलं की समज येण्याचं वय साधारण सात, तेव्हा मुलांना बारा-चौदाची होईपर्यंत ताटकळत ठेवू नका. हेतू चांगलाच होता. पण पोपांना स्वतःची मुलं नसतात. सात वर्षांच्या मुलीच्या हातात काहीही पडल्यावर ती आधी ते वास घेऊन पाहते, ही माहिती रोमपर्यंत पोचलेली नसावी.

प्रश्न असा, की घ्यायचं कसं? मी हातात घेतो. डावा तळवा वर, उजवा त्याच्या खाली. फादरांनी ठेवलं की उजव्या हाताच्या बोटांनी उचलून तोंडात. बायको जिभेवर घेते. ‘देवाला हात लावायचा?’ हा तिचा प्रश्न. ‘आणि जीभ लावायची? कालच त्या जिभेनं तू माझ्या आईबद्दल काय बोललीस?’ हा माझा. या प्रश्नानंतर दोन दिवस मला पेज मिळाली, बाजूला काही नाही.

शनिवारी दुपारी मी धाकटीला घेऊन सराव करत बसलो. सरावाला मोनॅको बिस्किटं घेतली, कारण गोल आहेत आणि घरात होती. ‘ख्रिस्ताचं शरीर’ असं मी म्हणायचं, तिनं ‘आमेन’ म्हणायचं, डाव्या तळव्यावर बिस्किट. पहिल्यांदा तिनं ‘थँक्यू’ म्हटलं. दुसऱ्यांदा आमेन म्हटलं, पण उजवा हात वर होता. का, तर गेल्या मे महिन्यात वसईला आजीनं सांगितलं होतं की देवाकडचं काही डाव्या हातात घेत नाहीत. तिसऱ्यांदा बायको आतून आली, म्हणाली मला बघू दे, आणि तिनं जिभेचा सराव घेतला : डोळे मिटायचे, मान किंचित वर, जीभ फार बाहेर काढायची नाही, डॉक्टरकडं नाही आलोय आपण. मग मी पुन्हा हाताचा. मग ती पुन्हा जिभेचा. दोघांचंही म्हणणं होतं की मुलीला शेवटी तिचं तिनं ठरवू द्यावं, फक्त नीट शिकून. पाकीट संपलं तेव्हा आम्ही विचारलं, काय ठरवलंस? तिनं ओठावरचं मीठ पुसलं आणि म्हणाली, ‘उद्या परत.’

शुक्रवारचा उपवास हा विषय मी एका वाक्यात उरकतो : उपवासकाळात मांस वर्ज्य आणि मासे चालतात, हा नियम समुद्राकाठी प्रायश्चित्त वाटतो, पण समुद्रापासून इतक्या लांब सुरमईचा भाव ऐकल्यावर म्हैसुरात मटणच जास्त नम्र अन्न आहे.

भांडणात कुणी हरायला लागलं की रोमचा आधार घेतं. इथं आमच्या दोघांचीही अडचण होते, कारण आमच्याच शहरातलं सर्वांत मोठं चर्च रोमचं सगळं ऐकतं असं नाही. संत फिलोमिनाचं कॅथीड्रल आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. दोन मनोरे, प्रत्येकी १७५ फूट, जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथीड्रलवरून घेतलेले. बाहेरून आलेला प्रत्येक पाहुणा राजवाडा, चामुंडी, प्राणिसंग्रहालय आणि हे चर्च या क्रमानं फिरतो. ज्या फिलोमिनाचं हे चर्च, तिचं नाव १९६१ साली रोमनं संतांच्या उपासनेच्या दिनदर्शिकेतून काढलं. तिच्याबद्दल खात्रीची ऐतिहासिक माहिती नाही, हे कारण. म्हैसूरनं ऐकून घेतलं. मनोरे होते तिथंच राहिले. तळघरातल्या तिच्या मूर्तीपुढं मेणबत्त्या आजही लागतात, आणि लावणाऱ्यांत फक्त ख्रिस्ती नसतात. त्यामुळं आमच्यापैकी कुणी ‘रोम म्हणतं’ अशी सुरुवात केली की दुसरा खिडकीतून फक्त मनोऱ्यांकडं बोट दाखवतो.

फिलोमिनानं मला आणखी एकदा वाचवलं. धाकटी रात्री झोपताना प्रार्थना म्हणते. मी तिला मराठी ‘नमो मारिया’ शिकवली होती, बायकोनं कोंकणी ‘नमान मोरिये’, शाळेत इंग्रजी शिकवलेली. एका रात्री तिनं तिन्ही भाषांतून वेचक भाग घेऊन, त्यांचा क्रम बदलून, मध्ये कन्नडमधला ‘मत्ते’ म्हणजे ‘आणि मग’ तीनदा घालून एक प्रार्थना म्हटली, आणि शेवटी आमेनच्या जागी ‘अष्टे’ म्हणाली. म्हणजे ‘एवढंच’. बायको कपाळाला हात लावून बसली. ‘मी सांगितलं होतं, एकच भाषा ठेवू.’ एकच म्हणजे कोंकणी, हे सांगायला नको.

मी म्हटलं, १८०२ साली रोममध्ये प्रिसिलाच्या भुयारी दफनभूमीत एक कबर सापडली. तिच्यावर तीन कौलं बसवलेली होती आणि कौलांवर लाल रंगात अक्षरं : लुमेना, पाक्स ते, कुम फि. कुणाला अर्थ लागेना. मग लक्षात आलं की कौलं घाईघाईत उलटसुलट बसवली आहेत. पहिलं उचलून शेवटी नेलं तर होतं, ‘पाक्स तेकुम फिलुमेना’. तुला शांती असो, फिलोमिना. एवढ्या भांडवलावर संत झाली, जगभर चर्चं उभी राहिली, म्हैसुरात १७५ फुटांचे दोन मनोरे चढले. शब्दांचा क्रम चुकला म्हणून देवाला कळत नाही, असं नसावं.

बायको थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘ती कौलं एका भाषेतली तरी होती.’

भाषेच्या भांडणात माझ्याकडं एक हुकमाचा एक्का आहे, किंवा होता. फादर थॉमस स्टीफन्स. हा इंग्लंडमधला माणूस १५७९ साली गोव्यात आला, सासष्टीत राहिला आणि त्यानं मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं. ओव्या ११ हजारांच्या घरात. १६१६ साली राचोलला छापलं. लग्नानंतर पहिल्याच नाताळात मी हे सासरी जेवताना सांगितलं. म्हणजे पहा, तुमच्या कोंकणी मुलखातसुद्धा ख्रिस्ताचं चरित्र सांगायला मराठीच लागली. सासऱ्यांनी सान्नाचा तुकडा रश्शात बुडवला, शांतपणे खाल्ला आणि म्हणाले, त्याच फादर स्टीफन्सनं मुलांना धर्म शिकवायची प्रश्नोत्तरांची पुस्तिका कुठल्या भाषेत लिहिली? कोंकणीत. तो गेल्यावर १६२२ साली छापली. व्याकरणही कोंकणीचंच लिहिलं, तेही नंतर निघालं. थोडक्यात, कीर्तनाला मराठी आणि घरात मुलांना दटावायला कोंकणी, अशी वाटणी चारशे वर्षांपूर्वीच एका इंग्रजानं करून ठेवली होती. आमच्या घरातही तीच आहे. मी गोष्टी सांगतो. ‘वोगी राव’ म्हणजे गप बैस, हे कोंकणीतच म्हटलं जातं, आणि लागूही कोंकणीतच पडतं.

गेल्या ऑक्टोबरात मात्र कसोटीचा प्रसंग आला. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. रोज संध्याकाळी घराघरांत माळ म्हणायची. सासरी तिला ‘तेर्स’ म्हणतात. त्याच महिन्यात दसऱ्याला माझी आई वसईहून आली, आगाशीच्या सुकेळ्यांचा डबा घेऊन. मी तिला सांगून ठेवलं होतं, इथं रिक्षावाल्याला ‘देऊळ’ म्हणू नकोस. आमच्याकडची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. दुसऱ्याच दिवशी ती एकटी सकाळच्या मिस्सेला निघाली, सवयीनं देऊळ म्हणाली, आणि रिक्षावाल्यानं तिला अत्यंत आदरानं गणपतीच्या देवळात सोडलं. ‘चांगलं होतं,’ ती म्हणाली, ‘चपला काढून ठेवतात.’ मी लगेच बायकोकडं पाहिलं. बारा मुद्द्यांतला एक सिद्ध झाला होता.

त्याच आठवड्यात सासूबाई कुवेंपुनगरहून राहायला आल्या. म्हणजे एका छपराखाली दोन विहिणी आणि एक जपमाळ. मला आणि बायकोला दोघांनाही मनातून आनंद झाला होता. माझी बाजू मांडायला माझी आई, तिची बाजू मांडायला तिची आई. आता एकदाचा निकाल लागेल.

संध्याकाळी सात वाजता चटई पसरली. नमो मारियाचे दोन भाग असतात. पहिला एकानं म्हणायचा, दुसरा बाकीच्यांनी. आईनं मराठीत पहिला भाग म्हटला. सासूबाईंनी जराही न अडखळता दुसरा भाग कोंकणीत म्हटला. आईनं पुन्हा मराठीत सुरू केलं, सासूबाईंनी पुन्हा कोंकणीत संपवलं. आम्ही ज्या गोष्टीवर बारा वर्षं भांडत होतो ती त्या दोघींना दिसलीच नाही. फरक पडला तो फक्त वेगाचा. आईची चाल संथ, थोडी ओवीसारखी, जात्यावर बसल्यासारखी. सासूबाईंची माळ म्हणजे म्हैसूर-बेंगळुरू शताब्दी. एकदा सुटली की सुटली. दुसऱ्या दशकाच्या शेवटी आई सातव्या मण्यावर होती आणि सासूबाई दहाव्यावर. थोरला माळ हातात धरून दोघींचा सरासरी मणी काढत होता.

गुरुवारी थोडी ठिणगी पडली. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी जपमाळेत प्रकाशाची पाच रहस्यं नव्यानं घातली, ती गुरुवारी म्हणतात. आईच्या गावात ती रुळली आहेत. सासूबाई म्हणाल्या, ‘माझी पंधरा पाठ आहेत. मी २००२च्या आधीच शिकले.’ जणू जुन्या दरात घेतलेला गॅस. आई म्हणाली, ‘बरं विहीणबाई, मग आज तुमची म्हणू, पुढच्या गुरुवारी माझी.’ एवढ्यावर मिटलं. मी आणि बायको तोंडाकडं बघत राहिलो. असंही मिटवता येतं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

पण खरा धक्का माळ संपल्यावर होता. शेवटच्या स्तोत्राला आम्ही उठलो. माझी आई, जिच्या नमस्काराच्या जोरावर मी इतकी वर्षं किल्ला लढवला, ती साडीचा पदर सावरून दोन्ही गुडघ्यांवर धाडकन जमिनीवर बसली. दोन्ही. पाठ ताठ. आणि सासूबाई, ज्यांच्या आईच्या आईपासून ती दिंबी चालत आलेली, त्या खुर्चीतच बसून राहिल्या, हात जोडून, मान किंचित झुकवून. हुबेहूब २५ एप्रिल १९६९.

नंतर बायकोनं आडून विचारलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘लहानपणी गुडघा टेकला नाही तर आबाची काठी बसायची. आता आबा नाहीत आणि गुडघेही नाहीत.’ मी माझ्या आईला विचारलं, ‘तू कधीपासून गुडघे टेकायला लागलीस?’ आई म्हणाली, ‘मी नेहमीच टेकते. तू दाराबाहेर असायचास.’

मुलांनी दोघींकडं जाऊन ‘बेसांव’ मागितलं, म्हणजे आशीर्वाद. दोघींनी डोक्यावर हात ठेवले. मी आणि बायकोनं एकमेकांकडं पाहिलं नाही. रात्री जेवताना मीठ जास्त झालं होतं, तरी कुणी बोललं नाही.

दसऱ्यात म्हैसूरच्या घरांत बाहुल्या मांडतात, गोंबे हब्ब. पायऱ्या पायऱ्या करायच्या, वर लाकडाचे राजा-राणी, खाली सगळं जग : लग्नाची वरात, वाण्याचं दुकान, क्रिकेटचा सामना. शेजारच्या अज्जींनी धाकटीला त्या वर्षी लाकडाचा एक राजा दिला. जुना, रंग थोडा उडालेला, जोडीची राणी कधीच हरवलेली. लाल पगडी, हात अंगाला चिकटलेले, सरळसोट ओंडक्यासारखा. तो राजा त्या दिवसापासून तिच्या उशाशी असतो.

डिसेंबरात गोठा मांडायची वेळ आली आणि आमचं जुनं भांडण ताजं झालं. वसईला आम्ही नाताळाच्या आदल्या रात्री सगळं एकदम मांडतो : मरिया, योसेफ, गाय, गाढव, मेंढपाळ, तीन राजे, आणि घरात असेल तर बॅटरीवरची आगगाडीही. बायकोच्या घरी राजे चालत येतात. ते पूर्वेकडून निघालेले आहेत, सहा जानेवारीला पोचणार. तर २४ तारखेला ते गोठ्यात कसे? म्हणून ते स्वयंपाकघरातून निघतात आणि रोज हातभर पुढं सरकतात. मला हे फार रटाळ वाटायचं. पण मुलांना शिकवायला काय चांगलं, या मुद्द्यावर मी यंदा मनातल्या मनात माघार घेतली, कारण ऑक्टोबर अजून ताजा होता. राजे फ्रीजवरून निघाले. पहिल्या आठवड्यात ते मिक्सरपर्यंत आले. एकाचा उंट मध्येच भाजीच्या टोपलीत सापडला.

सहा जानेवारीला सकाळी गोठ्यासमोर पाहिलं तर राजे चार होते.

तीन आपले प्लास्टरचे. त्यातला एक, सगळ्याच गोठ्यांत असतो तसा, उजवा गुडघा टेकलेला. बायको त्याच्याकडं दरवर्षी माझं लक्ष वेधते. चौथा तो लाकडाचा, पालथा पडलेला, नाक गवतात. बायकोनं त्याला उचलून बाजूला ठेवलं. ‘राजे तीन असतात, बाळा.’

थोरला दप्तर भरत होता. त्यानं तिथूनच सांगितलं की हा नाल्वडी कृष्णराज वडेयर आहे. कन्नडमध्ये नाल्वडी म्हणजे चौथा. मुम्मडी म्हणजे तिसरा, त्यानं १८४३ साली आपलं पहिलं चर्च बांधलं. नाल्वडीनं १९३३ साली आत्ताच्या कॅथीड्रलची पायाभरणी केली. मग चर्च बांधणाऱ्याला गोठ्यात का येऊ द्यायचं नाही? शाळेत त्याला इतिहासात इतके गुण मिळत नाहीत.

बायको माझ्याकडं पाहत होती. हे मी पढवून ठेवलेलं आहे असं तिला वाटत असावं. मी खरोखरच पढवलं नव्हतं. शेवटी तिनं राजाला उचललं, तीन राजांच्या शेजारी नीट उभा केला, पगडी फुंकर मारून साफ केली आणि चहा ठेवायला गेली.

संध्याकाळी पाहिलं तर तो पुन्हा पालथा. तिनं पुन्हा उभा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पालथा, हात अंगाला, नाक गवतात, टाच ते डोकं सरळ.

‘हा सारखा पडतोय,’ ती म्हणाली. ‘खाली काहीतरी लावायला हवं.’

‘पडला नाहीये, मम्मी,’ धाकटी म्हणाली. ‘त्याला दिंबी येत नाही. पाय लाकडाचे आहेत. आणि हातही जोडता येत नाहीत.’